नाव वऱ्हाडचे, किताब परक्यांचा!

दरवर्षी १२ जानेवारीला सिंदखेड राजाकडे जाणाऱ्या सगळ्या वाटा माणसांनी फुलून जातात. राजमाता जिजाऊंच्या जन्मस्थानी मस्तक टेकवण्यासाठी उभ्या महाराष्ट्रातून लोक येतात. २०२३ सालीही ते आले. त्यानंतर दोनच दिवसांनी, १४ जानेवारीला, दूर इस्तंबूल येथे मुकर्रम जाह यांचे निधन झाले. त्यांचे पार्थिव हैदराबादला आणून तेलंगणाच्या तत्कालीन शासनाने शासकीय इतमामात त्यांच्यावर अंत्यसंस्कार केले. वृत्तपत्रांनी ‘आठवे निजाम’ म्हणून त्यांच्यावर रकानेच्या रकाने लिहिले. हिरे, राजवाडे, ऑस्ट्रेलियातील मेंढपाळीची जमीन, अशी सगळी वर्णने आली. त्या वर्णनांच्या गर्दीत एक ओळ येऊन गेली, की मृताचे पिताजी आझम जाह हे ‘प्रिन्स ऑफ बेरार’ होते.

ही ओळ वाचून बुलढाण्याच्या किती वाचकांच्या भुवया उंचावल्या असतील? बेरार म्हणजे वऱ्हाड. बुलढाणा, अकोला, अमरावती आणि यवतमाळ हे वऱ्हाडचे चार जिल्हे. वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला. म्हणजे मेहकर, चिखली, खामगाव, मलकापूर, एवढेच नव्हे तर प्रत्यक्ष जिजाऊंचे सिंदखेड ज्या प्रांतात येते, त्या प्रांताचे युवराज हैदराबादेत राहत होते! नाव वऱ्हाडचे, मान निजामाच्या पुत्राचा आणि देणारा लंडनचा राजा. यात वऱ्हाडच्या माणसाचे स्थान कोणते, हा प्रश्न तेव्हाही कोणी विचारला नाही आणि आजही विचारला जात नाही.

जुन्या राजेरजवाड्यांच्या पदव्या म्हणजे निरुपद्रवी अलंकार, कपाटात ठेवलेली जरीची शेरवानी, असे मानण्याची पद्धत आहे. ती सोयीची आहे, पण खरी नाही. भूमीच्या नावाने दिलेला किताब हा त्या भूमीवरचा दावा असतो. तो दावा कधी झोपेत असतो, कधी जागा होतो. वऱ्हाडच्या बाबतीत तो १९४७ साली जागा झाला होता.

साखरखेर्डा ते अडगाव

वऱ्हाडवरील निजामाच्या हक्काचा उगम बुलढाणा जिल्ह्यातच शोधावा लागतो. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी साखरखेर्डा येथे निजाम-उल-मुल्काने मोगल सुभेदार मुबारिझखानाचा पराभव केला. त्या विजयाच्या स्मरणार्थ गावाचे नाव बदलून फतेहखेर्डा ठेवण्यात आले. दख्खनमध्ये निजामाची स्वतंत्र सत्ता सुरू झाली ती या रणांगणावरून. लोकांनी मात्र साखरखेर्डाच म्हणणे चालू ठेवले. सरकारी नामकरणाला जनतेच्या जिभेने दिलेले हे उत्तर आहे, आणि ते कोणत्याही शिलालेखापेक्षा बोलके आहे.

येथे एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. या प्रसंगी निजामाला मराठी फौजेचे साहाय्य झाले होते, असे इतिहासकार नोंदवतात. मोगल सुभेदार आणि निजाम यांत कोण परवडेल, असा तो हिशेब होता. तो चुकला हे कळायला फार काळ लागला नाही. चारच वर्षांनी, १७२८ साली, पालखेडला पहिल्या बाजीरावांनी त्याच निजामाला कोंडीत पकडले आणि चौथाई व सरदेशमुखीचा हक्क त्याच्याकडून मान्य करून घेतला. पुढे वऱ्हाडात नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला. तेथे दो-अमली होती, म्हणजे एकाच परगण्यात निजामाचा अंमलदार आणि भोसल्यांचा अंमलदार दोघेही वसुलीला. भोसल्यांचा वाटा साठ टक्क्यांचा म्हणून सांगितला जातो. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे सुखाचे राज्य नव्हते. दोन्हीकडून ओरबाडले जाण्याचेच ते दिवस होते. परंतु निजाम हा वऱ्हाडचा एकमेव धनी कधीच नव्हता, हे या व्यवस्थेवरून सिद्ध होते.

मग तो एकमेव धनी झाला केव्हा? १८०३ साली इंग्रजांनी असईला शिंदे-भोसल्यांचा आणि अडगावला भोसल्यांचा पराभव केला. असई तर बुलढाण्याच्या सीमेला लागूनच आहे. गाविलगड पडला, १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील आपले हक्क सोडले. पुढच्या वर्षी इंग्रजांनी ते निजामाच्या पदरात टाकले. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ती ही गोष्ट! तलवार मराठ्यांची मोडली, तोफा इंग्रजांच्या होत्या आणि मुलूख मिळाला निजामाला. १८०४ पासून १८५३ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षेही पुरती नाहीत, एवढाच निजामाचा वऱ्हाडवरील निर्वेध अंमल. पुढे ज्या ‘सार्वभौमत्वा’साठी लंडनपर्यंत वकील धाडले गेले, त्याचा सगळा आधार हा एवढाच.

गहाण टाकलेला प्रांत

त्या पन्नास वर्षांतील कारभाराचे गोडवे गाणाऱ्यांनी जमाबंदीची कागदपत्रे वाचावीत. वऱ्हाडचा वसूल सावकारांकडे गहाण पडत असे. पूरनमल हा असाच एक मातब्बर सावकार. १८४० नंतरच्या काही वर्षांत मुंबईच्या पेस्तनजी मेहेरजींच्या पेढीकडे वऱ्हाडचा मोठा वसूल लावून दिलेला होता. दुसरीकडे हैदराबादची ‘कंटिंजंट’ फौज निजामाच्या खर्चाने पोसली जात होती, पण हुकूम चालत होता इंग्रज अधिकाऱ्यांचा. पगार थकले, कर्ज फुगले. तेव्हा डलहौसीने २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवचा मुलूख या खर्चापोटी ताब्यात घेतला. कर्ज कोणी काढले? निजामाने. कोणासाठी? इंग्रजांनी लादलेल्या फौजेसाठी. आणि तारण कोण? काळ्या जमिनीत कापूस पिकवणारा वऱ्हाडी कुणबी. १८६० साली ५० लाखांचे कर्ज माफ करून धाराशिव आणि रायचूर निजामाला परत देण्यात आले. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी सोडले नाही. ते कसे सोडतील? मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता. मलकापूर-शेगाववरून लोहमार्ग पुढे नागपूरला गेला आणि १८७० साली जलंब ते खामगाव हा फाटा खास कापसाच्या बाजारासाठी टाकला गेला. तो सुरू करण्यासाठी व्हाईसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावी आला होता.

सर सालारजंगाने वऱ्हाड परत मिळवण्यासाठी आयुष्यभर खटपट केली. ती फळली नाही. ५ नोव्हेंबर १९०२ च्या कराराने लॉर्ड कर्झनने निजाम महबूब अली खानाकडून वऱ्हाड कायमच्या इजाऱ्याने घेतले. इजाऱ्याची रक्कम वर्षाला २५ लाख रुपये! पाठोपाठ निजामाला जी.सी.बी. हा मानाचा किताब मिळाला. त्या तीन अक्षरांचा अर्थ ‘गेव्ह कर्झन बेरार’, म्हणजे ‘कर्झनला बेरार दिले’, असा त्या काळच्या टवाळांनी लावला होता. टवाळी असली तरी इतके अचूक भाष्य एखाद्या इतिहासग्रंथातही सापडणार नाही. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळातून वऱ्हाड नुकतेच बाहेर पडत होते. अशा वेळी दोन श्रीमंत पक्षांनी समोरासमोर बसून त्या प्रांताचे भाडे ठरवले आणि एकाने दुसऱ्याच्या छातीवर पदक लावले.

युवराज आणि त्याचा प्रांत

सातवा निजाम उस्मान अली खान हा अधिक महत्त्वाकांक्षी होता. पहिल्या महायुद्धात केलेल्या साहाय्याबद्दल १९१८ साली त्याला ‘हिज एक्झाल्टेड हायनेस’ आणि ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त’ ही बिरुदे मिळाली होती. ऑक्टोबर १९२३ मध्ये त्याने वऱ्हाड परत मागितले. लॉर्ड रीडिंगने मार्च १९२६ मध्ये खरमरीत उत्तर दिले, की हिंदुस्थानात ब्रिटिश राजमुकुटाची सत्ता सर्वश्रेष्ठ असून कोणत्याही संस्थानिकाला बरोबरीच्या नात्याने वाटाघाटी करता येणार नाहीत. ‘विश्वासू दोस्ता’ला मिळालेली ही चपराक होती. परंतु दहाच वर्षांनी वारे फिरले. १९३५ च्या कायद्याने संघराज्य उभारायचे होते आणि त्यासाठी सर्वांत मोठा संस्थानिक राजी हवा होता. म्हणून २४ ऑक्टोबर १९३६ च्या कराराने निजामाचे वऱ्हाडवरील नाममात्र सार्वभौमत्व मान्य झाले. मध्यप्रांत व वऱ्हाडचा गव्हर्नर नेमताना त्याचा सल्ला घ्यायचा, वऱ्हाडात त्याचे निशाण ब्रिटिश निशाणाच्या जोडीला फडकवायचे, २५ लाख पूर्ववत द्यायचे. त्याला ‘हैदराबाद आणि बेरारचा निजाम’ म्हणायचे आणि त्याच्या वारसाला ‘हिज हायनेस द प्रिन्स ऑफ बेरार’. कारभार मात्र इंग्रजांचाच! नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण जणू याच प्रसंगासाठी जन्मली असावी.

ही कल्पना इंग्रजांच्या घरचीच होती. जिंकलेल्या भूमीचे नाव आपल्या वारसाला देण्याची तेथील राजकुलाची रीत जुनी आहे. वेल्सचा शेवटचा स्वतंत्र राजपुत्र लिवेलिन १२८२ साली मारला गेला आणि १३०१ साली इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ हा किताब आपल्या मुलाला दिला. स्कॉटलंडची कथा तर अधिक उद्बोधक आहे. तेथील राजा तिसरा रॉबर्ट याने १३९८ साली आपला ज्येष्ठ पुत्र डेव्हिड याच्यासाठी ‘ड्यूक ऑफ रॉथसे’ हे पद निर्माण केले. त्याच वेळी राजाच्या भावाला ‘ड्यूक ऑफ ऑल्बनी’ करण्यात आले. चारच वर्षांनी या पुतण्याचा काकाच्या कैदेत फॉकलंड येथे अंत झाला. ‘काका, मला वाचवा’ ही किंकाळी शनिवारवाड्यापुरतीच मर्यादित नाही, हे मराठी वाचकाच्या ध्यानात येईल. १४६९ साली स्कॉटिश संसदेने कायदा करून रॉथसेचे पद राजाच्या ज्येष्ठ पुत्राशी कायमचे जोडले. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा लंडनच्या सिंहासनावर जाऊन बसला, १७०७ मध्ये स्कॉटलंडची संसद बरखास्त झाली, पण किताब उरला. तो आजही लंडनचा युवराज मिरवतो; सप्टेंबर २०२२ पासून तो विल्यमकडे आहे. राज्य गेले, संसद गेली, नाव तेवढे राजवाड्याच्या दागिन्यांत जमा झाले.

वऱ्हाडचा करार ज्याच्या नावाने झाला तो आठवा एडवर्ड त्याच वर्षीच्या जानेवारीपर्यंत रॉथसेचा ड्यूक होता. करारानंतर दोन महिनेही झाले नाहीत तोच, ११ डिसेंबर १९३६ रोजी, त्याने एका घटस्फोटितेशी विवाह करण्यासाठी सिंहासनाचा त्याग केला. त्या त्यागाच्या वेळी त्याचा कायदेशीर सल्लागार होता वॉल्टर मंकटन, आणि हाच मंकटन निजामाचाही सल्लागार होता. वऱ्हाडच्या माथ्यावर युवराज बसवणाऱ्यांची दुनिया किती छोटी होती, ते यावरून दिसते.

युवराज आझम जाह यांचा विवाह १२ नोव्हेंबर १९३१ रोजी फ्रान्समधील नीस शहरी झाला होता. वधू दुर्रुशेहवार ही तुर्कस्थानच्या पदच्युत खलिफाची कन्या. ज्या खिलाफतीसाठी हिंदुस्थानात आकाशपाताळ एक करण्यात आले, ती तुर्कांनी स्वतःच ३ मार्च १९२४ रोजी मोडीत काढली होती. निजामाने निर्वासित खलिफाला तनखा दिला आणि पुढे सोयरीक जोडली. तनख्यासाठी पैसा होता, सोयरिकीसाठी होता, आणि त्या खजिन्यात वऱ्हाडच्या इजाऱ्याचे २५ लाखही येत होते. या राजस्नुषेने पुढे हैदराबादेत मुलांसाठी रुग्णालय उभारले, त्याचे श्रेय तिला द्यावेच लागेल. परंतु १९३६ नंतर ती ‘प्रिन्सेस ऑफ बेरार’ म्हणून जगभर ओळखली गेली, त्या बेरारमध्ये तिची आठवण म्हणून दाखवावे असे काय आहे? फेब्रुवारी १९३७ मध्ये अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने निजामाचे चित्र मुखपृष्ठावर छापून त्याला जगातील सर्वांत धनवान माणूस म्हटले. ते मुखपृष्ठ आजही कौतुकाने पुन्हा पुन्हा छापले जाते.

दावा जागा होतो

किताबाच्या आडून कोणते राज्य वऱ्हाडकडे पाहत होते, हे १९३८ सालीच कळून चुकले होते. ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून उस्मानिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहांतून आणि वर्गांतून हाकलण्यात आले. त्यांना आधार कोणी दिला? नागपूर विद्यापीठाने! कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना प्रवेश दिला. त्यात पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही होते. म्हणजे ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडावर निजामाचे निशाण करारापुरते फडकत होते, त्याच प्रांताच्या विद्यापीठाने निजामाच्या हुकुमाला केराची टोपली दाखवली. त्याच सुमारास आर्य समाज आणि हिंदू महासभेच्या भागानगर सत्याग्रहात देशभरातून सत्याग्रही निजामाच्या तुरुंगांत जात होते.

मग १९४७ उजाडले. जूनमध्ये निजामाने कोणत्याही घटना समितीत सामील न होण्याचे फर्मान काढले. जुलैत त्याचे शिष्टमंडळ दिल्लीला गेले, आणि त्याच्या मागण्यांत एक मागणी होती वऱ्हाड परत करण्याची! येथे क्षणभर थांबून नकाशा पाहिला पाहिजे. सिंदखेड राजा, देऊळगाव राजा आणि लोणार या भागांची हद्द निजामाच्या जालना-परभणीकडील मुलखाला भिडलेली होती. ती मागणी मान्य झाली असती तर पुढच्या वर्षी रझाकारांच्या टोळ्यांनी मराठवाड्यात जे केले, ते मेहकर-चिखलीतही घडले असते. जिजाऊंचे जन्मस्थान सप्टेंबर १९४८ पर्यंत ‘स्वतंत्र’ हैदराबादेत राहिले असते. ‘नाममात्र सार्वभौमत्व’ या शब्दांतील ‘नाममात्र’ किती फसवे आहे, ते यावरून उमगावे. त्या नामाचा लेखी पुरावा १९३६ चा करार होता आणि त्याची जिवंत निशाणी म्हणजे युवराजांचा किताब. आणि हे युवराज केवळ शोभेचे नव्हते. निजामाच्या सैन्याचे सरसेनापतिपदही नावाने त्यांच्याकडेच होते.

सरदार पटेलांच्या दृढतेमुळे १३ ते १८ सप्टेंबर १९४८ या अवघ्या काही दिवसांत तो सगळा मामला निकालात निघाला. १९०२ चा ‘कायमचा’ इजारा पंचेचाळीस वर्षे टिकला होता. पण नंतर काय झाले? वऱ्हाड मागणारा निजाम १९५० पासून १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता आणि त्याला वर्षाला ५० लाखांचा तनखा मिळत होता. राज्यघटनेचा अनुच्छेद १८ किताब रद्द करतो. तरीही संस्थानिकांना त्यांचे मानपान १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीपर्यंत मिळत राहिले. आझम जाह यांना मात्र गादी लाभलीच नाही. १९६७ साली बापाच्या इच्छेने त्यांना डावलून त्यांचा मुलगा मुकर्रम वारस ठरला. वऱ्हाडचे युवराज १९७० साली युवराज म्हणूनच वारले.

किताब घेणे आणि किताब नाकारणे

या साऱ्याला दुसरी बाजू आहे, आणि ती बुलढाण्याच्या मातीतच आहे. लखुजी जाधवराव हे सिंदखेडचे मातब्बर सरदार. निजामशाही आणि मोगल, दोन्ही दरबारांत त्यांना मानमरातब मिळाले. (अहमदनगरची ही निजामशाही वेगळी, हैदराबादचे निजाम वेगळे; पण दरबारांचा स्वभाव सारखाच.) १६२९ साली देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाच्या भर दरबारात लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांची हत्या झाली. परक्याने दिलेला मान परका केव्हाही काढून घेतो, तोही मस्तकासह, हे जिजाऊंनी माहेरच्या चार चितांवरून जाणले. त्याच जिजाऊंनी ६ जून १६७४ रोजी रायगडावर पुत्राला छत्रपती झालेले पाहिले. ते पद दिल्लीच्या बादशहाने दिले नव्हते, विजापूरच्या सुलतानाने दिले नव्हते. तिकडे हैदराबादच्या आसफजाही घराण्याची सगळी नावे उसनी होती. निजाम-उल-मुल्क आणि आसफजाह हे किताब मोगलांचे, ‘एक्झाल्टेड हायनेस’ इंग्रजांचा, ‘प्रिन्स ऑफ बेरार’ इंग्रजांचाच. १८५८ पर्यंत हैदराबादच्या नाण्यांवर दिल्लीच्या बादशहाचे नाव होते.

जाधवरावांच्या वंशजांतही दोन्ही वाटा दिसतात, हे लपवण्याचे कारण नाही. धनाजी जाधवांनी औरंगजेबाच्या फौजांना सळो की पळो केले. त्यांचाच पुत्र चंद्रसेन रुसून निजामाला जाऊन मिळाला. बापाने राखलेले मुलाने आश्रयासाठी शत्रूच्या पायाशी नेऊन ठेवले. आपल्या माणसांच्या अशा चुकांवाचून साखरखेर्ड्याचा विजयी निजाम दोनशे वर्षे टिकला नसता.

निजामी वैभवाच्या आठवणींवर रविवारच्या पुरवण्या निघतात, सहली निघतात, हिऱ्यांची प्रदर्शने भरतात. ज्यांना ते पाहायचे त्यांनी पाहावे. परंतु वऱ्हाडच्या शाळांत १८५३, १९०२ आणि १९३६ ही तीन वर्षे का शिकवली जात नाहीत? यातील एकाही कराराच्या वेळी वऱ्हाडचा माणूस समोर बसवला गेला नाही, हे मुलांना का सांगितले जात नाही? १९३५ च्या कायद्यात तर वऱ्हाडच्या उत्पन्नाचा रास्त वाटा वऱ्हाडवरच खर्च व्हावा, अशी खास जबाबदारी गव्हर्नरावर टाकावी लागली होती. विदर्भाच्या अनुशेषाची आजची तक्रार किती जुनी आहे, हे त्या कलमावरून दिसते. सिंदखेड राजाला येणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवर साखरखेर्डा फार दूर नाही. तेथे काय घडले, गावाचे नाव कोणी बदलले आणि गावाने ते कसे मानले नाही, हे सांगणारा ठळक फलक त्या वाटेवर लागला पाहिजे. जिल्ह्यातील शिक्षकांनी आणि तरुण मंडळांनी मनावर घेतले तर पुढच्या १२ जानेवारीपर्यंत तो लागू शकतो.